बास गिटार स्पीकर कॅबिनेट

बास गिटार स्पीकर कॅबिनेट म्हणजे बास गिटार या विद्युत तंतुवाद्याचा खर्जातील आवाज ऐकवण्यासाठी खास बनवलेली, एक किंवा अधिक स्पीकर बसवलेली भक्कम पेटी होय. वादकांच्या बोलण्यात तिचा उल्लेख 'कॅब' असा होतो. वाद्यातून निघालेला क्षीण विद्युत संकेत प्रथम ॲम्प्लिफायरमध्ये जातो, तेथे त्याची शक्ती वाढते आणि नंतर तो कॅबिनेटमधील स्पीकरपर्यंत पोहोचून त्याचे ध्वनीत रूपांतर होते. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत असल्यास त्या साधनाला 'कॉम्बो' म्हणतात. ॲम्प्लिफायर स्वतंत्र असल्यास त्याला 'हेड' म्हणतात आणि तो सहसा कॅबिनेटवर ठेवला जातो.

जाहीर मैफलीसाठी कॅबिनेट निवडताना त्यावर छापलेला वॅटचा आकडा हाच मुख्य निकष मानला जातो. प्रत्यक्षात तो आकडा कॅबिनेट किती उष्णता सहन करू शकते एवढेच सांगतो. ते किती मोठा आणि किती खोल आवाज देईल हे त्यावरून कळत नाही. ते स्पीकरची संवेदनशीलता, शंकूचे क्षेत्रफळ, त्याच्या हालचालीची मर्यादा, पेटीचे घनफळ आणि मंचावरील जागा यांवर ठरते. चुकीच्या जोडणीमुळे ॲम्प्लिफायर किंवा स्पीकर निकामी होऊ शकतो आणि अवाजवी आवाजामुळे वादकाच्या श्रवणशक्तीची कायमची हानी होऊ शकते. त्यामुळे या साधनाची तांत्रिक माहिती वादकासाठी व्यावहारिक महत्त्वाची आहे.

## खर्जाच्या आवाजाचे स्वरूप

चार तारांच्या बास गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१.२ हर्ट्झ वारंवारतेला मिळवलेली असते. पाच तारांच्या वाद्यातील सर्वांत खालची तार सुमारे ३०.९ हर्ट्झपर्यंत उतरते. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धरल्यास ४१ हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी आठ मीटरांहून अधिक भरते. एवढी लांब लहर एखाद्या लहान पेटीतून मोठ्या तीव्रतेने निर्माण करणे कठीण असते, कारण त्यासाठी स्पीकरच्या शंकूला पुष्कळ हवा पुढेमागे ढकलावी लागते. तीव्रता तेवढीच ठेवून वारंवारता निम्मी केली, तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते.

बास गिटारचा स्वर केवळ मूळ वारंवारतेचा बनलेला नसतो. मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींतील अधिस्वर त्यात मिसळलेले असतात आणि बहुतेक वेळा मूळ स्वरापेक्षा पहिले काही अधिस्वरच अधिक प्रबळ असतात. मूळ वारंवारता क्षीण असली तरी अधिस्वरांच्या अनुक्रमावरून मानवी मेंदू स्वराची उंची ओळखतो. म्हणूनच ४१ हर्ट्झला फारसा आवाज न देणारे कॅबिनेटही खालच्या तारेचा स्वर स्पष्ट ऐकवू शकते. वाद्यवृंदात बास गिटार उठून दिसते ते मुख्यतः ८० ते ८०० हर्ट्झ या पट्ट्यामुळे. बोटांचा किंवा नखीचा आघात, तार पडद्यांवर आपटण्याचा आवाज हे तपशील त्याही वर, साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या दरम्यान असतात.

## इतिहास

अमेरिकेतील फेंडर कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बास हे वाद्य बाजारात आणले. पडद्यांमुळे अचूक स्वर देणारे आणि सहज वाहून नेता येणारे हे वाद्य लवकरच उभ्या डबल बासची जागा घेऊ लागले. मात्र विद्युत वाद्याला स्वतःचा पोकळ देह नसल्याने त्याचा सारा आवाज ॲम्प्लिफायर आणि स्पीकरवर अवलंबून होता. फेंडरने १९५२ मध्ये बासमन हा कॉम्बो आणला. त्यात १५ इंची एकच स्पीकर होता. १९५० च्या दशकाच्या मध्यात त्याच नावाच्या साधनात १० इंची चार स्पीकर बसवण्यात आले. ही आवृत्ती बासवादकांपेक्षा गिटारवादकांना अधिक भावली. ब्रिटनमधील मार्शल कंपनीचा पहिला ॲम्प्लिफायर तिच्याच विद्युत मंडलावर आधारलेला होता.

डबल बासवादक एव्हरेट हल यांनी १९४० च्या दशकात डबल बासच्या तळाशी असलेल्या खुंटीत मायक्रोफोन बसवण्याची युक्ती काढली. त्या खुंटीच्या इंग्रजी नावावरूनच त्यांच्या अँपेग या कंपनीचे नाव आले. जेस ऑलिव्हर यांनी रचना केलेला अँपेगचा पोर्टाफ्लेक्स बी-१५ हा ॲम्प्लिफायर १९६० मध्ये आला. त्याचे हेड उलटे करून कॅबिनेटमध्येच झाकून ठेवता येई. लहान मैफली आणि ध्वनिमुद्रणगृहे यांत तो दीर्घकाळ वापरात राहिला.

१९६० च्या दशकात श्रोत्यांची संख्या साधनांच्या क्षमतेपेक्षा वेगाने वाढली. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यू यॉर्कमधील शे स्टेडियमवर बीटल्सचा कार्यक्रम ५५ हजारांहून अधिक लोकांसमोर झाला. मंचावरील ॲम्प्लिफायर १०० वॅटचे होते आणि गर्दीच्या आरोळ्यांपुढे वादकांना स्वतःचे वादनही नीट ऐकू येत नव्हते. श्रोत्यांपर्यंत आवाज नेणारी आजच्यासारखी स्वतंत्र ध्वनिव्यवस्था तेव्हा विकसित झालेली नव्हती, त्यामुळे मंचावरील साधनेच अधिकाधिक मोठी करण्याकडे कल राहिला.

याच गरजेतून अँपेगने १९६९ मध्ये एसव्हीटी हा निर्वात नलिकांवर चालणारा ३०० वॅटचा ॲम्प्लिफायर आणला. त्याच्यासोबत १० इंची आठ स्पीकरांची दोन बंद कॅबिनेटे देत, कारण त्या काळच्या एका कॅबिनेटला ही पूर्ण शक्ती झेपणारी नव्हती. रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाने १९६९ च्या अमेरिका दौऱ्यात हे ॲम्प्लिफायर वापरले. उंची आणि वजन यांमुळे या कॅबिनेटला वादकांनी 'फ्रिज' असे टोपणनाव दिले. त्याच सुमारास अकूस्टिक कंपनीच्या ३६० या संचात १८ इंची स्पीकर दुमडलेल्या कर्ण्यात बसवलेला होता. जॅको पास्टोरियस यांच्या वादनामुळे तो संच विशेष प्रसिद्ध झाला.

१९७४ मध्ये ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाने 'वॉल ऑफ साउंड' या नावाने ओळखली जाणारी ध्वनिव्यवस्था वापरली. तीत प्रत्येक वाद्यासाठी वेगळे स्पीकर वादकांच्या मागेच उभे केलेले होते आणि फिल लेश यांच्या बास गिटारच्या प्रत्येक तारेचा आवाज वेगळ्या स्पीकरांकडे पाठवण्याची सोय होती. ही व्यवस्था वाहून नेणे अतिशय खर्चिक ठरल्याने ती त्याच वर्षी थांबवण्यात आली. पुढे श्रोत्यांसाठी वेगळी आणि वादकांसाठी वेगळी ध्वनिव्यवस्था ही पद्धत सर्वत्र रूढ झाली आणि मंचावरील बास कॅबिनेटचे काम मर्यादित झाले.

कॅबिनेटच्या रचनेलाही याच काळात गणिती पाया मिळाला. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थीले यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी केलेल्या अभ्यासातून स्पीकरच्या मोजता येणाऱ्या गुणांवरून पेटीचे योग्य घनफळ काढण्याची पद्धत तयार झाली. ते गुण आज 'थीले-स्मॉल प्राचले' म्हणून ओळखले जातात. १९८० च्या दशकात हार्टकी कंपनीने ॲल्युमिनियमचे शंकू, तर एसडब्ल्यूआर कंपनीने १० इंची चार स्पीकरांसोबत ट्विटर असलेले कॅबिनेट लोकप्रिय केले. त्यानंतर निओडिमियमची हलकी चुंबके आणि 'डी वर्गा'चे हलके ॲम्प्लिफायर आल्यामुळे पूर्वी दोघांना उचलावे लागणारे साहित्य आता एकटा वादक नेऊ शकतो.

## रचना

### स्पीकर

स्पीकरमध्ये कागद, धातू किंवा तत्सम पदार्थाचा शंकू, त्याला जोडलेले तारेचे वेटोळे आणि स्थिर चुंबक हे मुख्य भाग असतात. वेटोळ्यातून प्रवाह गेला की ते चुंबकीय क्षेत्रात पुढेमागे हलते व त्याच्याबरोबर शंकूही हलतो. दिलेल्या विद्युत ऊर्जेचा थोडाच भाग ध्वनीत रूपांतरित होतो. उरलेली ऊर्जा वेटोळ्यात उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते. कॅबिनेटची वॅटमधील क्षमता ही मुख्यतः ही उष्णता सोसण्याची मर्यादा असते. शंकूच्या हालचालीची मर्यादा याहून वेगळी असते आणि अगदी खालच्या स्वरांना ती वॅटच्या मर्यादेच्या पुष्कळ आधी गाठली जाते.

### बंद पेटी आणि झरोक्याची पेटी

कॅबिनेटचे दोन मुख्य प्रकार आहेत. बंद पेटीत हवेला बाहेर जाण्यास वाट नसते. आतील हवा स्प्रिंगप्रमाणे शंकूला आवरते. अशा पेटीचा खर्ज एका मर्यादेखाली सप्तकामागे सुमारे १२ डेसिबलने, म्हणजे हळूहळू कमी होतो. अँपेगचे १० इंची आठ स्पीकरांचे कॅबिनेट या प्रकारचे असून त्याच्या आत चार स्वतंत्र कप्पे असतात व प्रत्येक कप्प्यात दोन स्पीकर असतात.

झरोक्याच्या पेटीत पोर्ट म्हणून ओळखली जाणारी नळी किंवा फट असते. पेटीतील हवा आणि नळीतील हवा मिळून एका ठरावीक वारंवारतेला अनुस्पंदन पावतात आणि त्या परिसरातील खर्जाला बळ देतात. मात्र त्या वारंवारतेच्या खाली आवाज सप्तकामागे सुमारे २४ डेसिबलने झपाट्याने उतरतो आणि शंकूवरील हवेचा आवर सुटतो. पाचव्या तारेचे खालचे स्वर लहान पेटीतून जोरात वाजवताना स्पीकर फाटण्याचा धोका यामुळेच निर्माण होतो. हा धोका टाळण्यासाठी ३० ते ४० हर्ट्झखालील भाग गाळणारी 'हाय-पास' चाळणी वापरतात.

### पेटीच्या मर्यादा

खोल खर्ज, मोठा आवाज आणि लहान पेटी या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोनच एका वेळी मिळू शकतात. हा नियम अभियंता जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने 'हॉफमनचा लोहनियम' म्हणून प्रसिद्ध आहे. लहान कॅबिनेटमधून खोल खर्ज हवा असेल, तर संवेदनशीलता कमी होते आणि तेवढाच आवाज मिळवण्यासाठी अधिक शक्तीचा ॲम्प्लिफायर लागतो. कोणत्याही कॅबिनेटच्या जाहिरातीतील दाव्याची पारख या नियमावर करता येते.

### ट्विटर

अनेक कॅबिनेटांत उंच स्वरांसाठी लहान कर्ण्याचा ट्विटर असतो. थाप, चापटी किंवा बोटांचा स्पष्ट आघात ऐकवायचा असल्यास तो उपयोगी पडतो. जुन्या धाटणीच्या गोलसर आवाजासाठी तो बंद किंवा कमी ठेवतात. त्यासाठी कॅबिनेटच्या मागे एक गुंडी असते. इलेक्ट्रॉनिक विकृती वापरून केलेले वादन ट्विटरमधून कर्कश वाटू शकते.

## आकारानुसार प्रकार

कॅबिनेटची ओळख स्पीकरांची संख्या आणि त्यांचा व्यास यांवरून होते. '४ × १०' म्हणजे १० इंची चार स्पीकर. बोलताना त्याला 'चार बाय दहा' म्हणतात. पुढील कोष्टकातील क्षेत्रफळे साधारण स्वरूपाची आहेत.

| प्रकार | शंकूंचे एकूण क्षेत्रफळ | प्रचलित वापर |
|---|---|---|
| १ × १२ | सुमारे ५२५ चौ. सेंमी. | सराव, कॅफे, लहान सभागृह. दोन एकत्र जोडण्यास सोयीचे |
| २ × १० | सुमारे ७०० चौ. सेंमी. | लहान व मध्यम सभागृह |
| १ × १५ | सुमारे ८५५ चौ. सेंमी. | लहान व मध्यम सभागृह. गोलसर आवाज |
| २ × १२ | सुमारे १०५० चौ. सेंमी. | मध्यम सभागृह |
| ४ × १० | सुमारे १४०० चौ. सेंमी. | मोठ्या आवाजाचे ढोलताशे-गिटार असलेले वृंद, मध्यम व मोठे मंच |
| ८ × १० | सुमारे २८०० चौ. सेंमी. | मोठे मंच, रॉक संगीत |

मोठा शंकू 'मंद' आणि लहान शंकू 'चपळ' असतो ही समजूत वादकांमध्ये रूढ आहे, पण ती शास्त्रीयदृष्ट्या अचूक नाही. १५ इंची स्पीकरचा आवाज जाड वाटतो त्याचे कारण त्याचे उंच स्वर कमी असतात आणि ते अरुंद झोतात पुढे जातात. शंकूच्या व्यासाएवढी तरंगलांबी आली की आवाज झोतासारखा एकवटू लागतो. १५ इंची स्पीकरसाठी ही वारंवारता सुमारे १००० हर्ट्झ, तर १० इंचीसाठी सुमारे १६०० हर्ट्झ असते. त्याचप्रमाणे १५ इंची स्पीकर नेहमीच अधिक खोल खर्ज देतो असेही नाही. पेटीचे घनफळ आणि स्पीकरची प्राचले यांवर ते अवलंबून असते.

## मैफलीसाठी निवड

### आवाजाचा हिशेब

संवेदनशीलता म्हणजे कॅबिनेटला १ वॅट शक्ती दिली असता १ मीटर अंतरावर मिळणारी ध्वनीची पातळी. ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तर पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. आवाज दुप्पट झाल्यासारखा कानाला वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची, म्हणजे दहापट शक्तीची गरज असते. त्यामुळे ९७ डेसिबल संवेदनशीलतेच्या कॅबिनेटला ४०० वॅट देऊन जी पातळी मिळते, तीच १०० डेसिबल संवेदनशीलतेच्या कॅबिनेटला २०० वॅट देऊन मिळते.

याउलट तसेच दुसरे कॅबिनेट जोडले, तर शंकूंचे क्षेत्रफळ दुप्पट होते आणि ट्रान्झिस्टरवरील ॲम्प्लिफायरला अधिक शक्ती देता येते. या दोहोंमुळे खर्जाची पातळी जास्तीत जास्त ६ डेसिबलपर्यंत वाढते. म्हणून आवाज अपुरा पडत असल्यास नवा, अधिक वॅटचा ॲम्प्लिफायर घेण्याऐवजी जुळणारे दुसरे कॅबिनेट घेणे बहुधा अधिक परिणामकारक ठरते.

### स्थळ आणि ध्वनिव्यवस्था

निवडीतील निर्णायक प्रश्न असा असतो की श्रोत्यांपर्यंत बासचा आवाज कॅबिनेटने न्यायचा आहे की सभागृहाच्या ध्वनिव्यवस्थेने. लहान जागी केवळ गायनासाठी ध्वनिव्यवस्था असेल, तर संपूर्ण दालन कॅबिनेटलाच भरावे लागते आणि अशा वेळी ४ × १० किंवा दोन १ × १२ असा संच लागतो. सबवूफरसह पूर्ण ध्वनिव्यवस्था असलेल्या मोठ्या मंचावर मात्र कॅबिनेटचे काम वादक आणि ढोलवादक यांना बास ऐकवण्यापुरतेच उरते. तेथे मोठे कॅबिनेट उपकारक होण्याऐवजी ध्वनिसंयोजकाची अडचण वाढवते, कारण मंचावरून सभागृहात झिरपणारा खर्ज त्याच्या नियंत्रणाबाहेर असतो.

### वजन आणि वाहतूक

८ × १० प्रकारच्या पारंपरिक कॅबिनेटचे वजन ६० किलोग्रॅमहून अधिक असते, तर निओडिमियम चुंबकाचे आधुनिक १ × १२ कॅबिनेट १५ किलोग्रॅमच्या आत बसते. जिना, लहान लिफ्ट आणि मोटारीची डिकी यांचा विचार खरेदीपूर्वीच करावा लागतो. एका मोठ्या कॅबिनेटऐवजी दोन समान लहान कॅबिनेटे घेतल्यास लहान कार्यक्रमाला एक आणि मोठ्या कार्यक्रमाला दोन नेण्याची मुभा मिळते.

## विद्युत जोडणी

प्रत्यावर्ती प्रवाहाला स्पीकर करीत असलेल्या एकूण विरोधाला इंपिडन्स म्हणतात. ते ओहममध्ये मोजतात. बास कॅबिनेटे बहुधा ८ किंवा ४ ओहमची असतात. ॲम्प्लिफायरच्या मागील दोन छिद्रांना दोन कॅबिनेटे जोडली किंवा एका कॅबिनेटमधून दुसऱ्याकडे केबल नेली, तरी जवळजवळ सर्व साधनांत ती समांतर जोडणीच असते आणि एकूण इंपिडन्स कमी होते.

| समांतर जोडलेली कॅबिनेटे | एकूण इंपिडन्स |
|---|---|
| ८ ओहम + ८ ओहम | ४ ओहम |
| ८ ओहम + ४ ओहम | सुमारे २.६७ ओहम |
| ४ ओहम + ४ ओहम | २ ओहम |
| ८ ओहमची तीन | सुमारे २.६७ ओहम |

ट्रान्झिस्टरवरील ॲम्प्लिफायरच्या मागे किमान इंपिडन्स लिहिलेले असते. जोडणी त्याहून खाली गेल्यास जास्त प्रवाह वाहून ॲम्प्लिफायर तापतो, मध्येच बंद पडतो किंवा जळतो. किमान ४ ओहमच्या ॲम्प्लिफायरला ४ ओहमचे एक कॅबिनेट जोडले की दुसरे जोडण्यास वाव उरत नाही. पुढे विस्तार करायचा असल्यास आरंभी ८ ओहमचे कॅबिनेट घेणे श्रेयस्कर ठरते. ८ आणि ४ ओहमची कॅबिनेटे एकत्र जोडल्यास ४ ओहमच्या कॅबिनेटकडे दोन तृतीयांश शक्ती जाते, हेही लक्षात घ्यावे लागते.

निर्वात नलिकांच्या ॲम्प्लिफायरचे नियम वेगळे आहेत. त्यात कॅबिनेटच्या इंपिडन्सशी जुळणारी जोडणी निवडावी लागते आणि कॅबिनेट न जोडता तो वाजवल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर निकामी होऊ शकतो. ट्रान्झिस्टरवरील ॲम्प्लिफायरला कॅबिनेटविना सहसा अपाय होत नाही.

कॅबिनेटसाठी जाड तारांची स्पीकर केबल वापरणे आवश्यक असते. वाद्य ॲम्प्लिफायरला जोडण्याची केबल वरून तशीच दिसते, पण तिच्या आतील तार बारीक असते आणि मोठा प्रवाह वाहिल्यास ती तापते. न्यूट्रिक कंपनीने १९८७ मध्ये आणलेला स्पीकॉन हा जोड फिरवून पक्का बसतो व त्याच्या विद्युत टोकांना हात लागत नाही, म्हणून आधुनिक साधनांत तो रूढ आहे. अनेक 'डी वर्गा'च्या ॲम्प्लिफायरांत दोन्ही टोकांवर संकेत असतो. अशा वेळी एक टोक भूजोडणीला टेकल्यास ॲम्प्लिफायर बिघडू शकतो.

## मंचावरील वापर

### जागा आणि उंची

जमिनीवर ठेवलेल्या लहान कॅबिनेटचे उंच स्वर वादकाच्या गुडघ्यांपाशीच जातात. वादकाला आवाज अस्पष्ट वाटतो, तो आवाज वाढवतो आणि समोरच्या श्रोत्यांना मात्र तो असह्य होतो. कॅबिनेट खुर्चीवर वा स्टँडवर ठेवणे किंवा मागे कलते करणे हा त्यावरील सोपा उपाय आहे. उंचीवर नेल्यास जमिनीमुळे मिळणारा खर्जाचा आधार काहीसा घटतो, पण स्पष्टता वाढते. दोन कॅबिनेटे शेजारी शेजारी न ठेवता एकावर एक उभी रचल्यास वरचे स्पीकर कानाजवळ येतात आणि आडव्या दिशेने आवाज अधिक समान पसरतो.

मागील भिंतीचे अंतरही महत्त्वाचे असते. खर्जाचा आवाज कॅबिनेटच्या सर्व बाजूंनी पसरतो. भिंतीवरून परतलेली लहर मूळ लहरीशी विरुद्ध फेजमध्ये आली तर ती वारंवारता क्षीण होते. शंकूपासून भिंत १ मीटर दूर असेल तर हे सुमारे ८६ हर्ट्झला घडते आणि बास गिटारचे अनेक महत्त्वाचे स्वर याच परिसरात असतात. कॅबिनेट भिंतीजवळ सरकवल्यास हा खड्डा वरच्या वारंवारतेकडे जातो आणि खर्ज भरीव होतो. झरोका मागील बाजूस असेल तर वीतभर मोकळी जागा सोडतात. कोपऱ्यात ठेवल्यास खर्ज आणखी वाढतो, पण तो घुमण्याचीही शक्यता असते.

लाकडी पोकळ मंच कॅबिनेटच्या कंपनांनी स्वतः घुमू लागतो. कॅबिनेटखाली फोमची जाड गादी ठेवल्यास हा त्रास कमी होतो. असे घुमणे एखाद्याच स्वराला होत असेल, तर तेवढीच वारंवारता इक्वलायझरने कमी करणे हा योग्य उपाय होय. सर्व खर्ज कमी केल्यास वाद्याचा आधारच निघून जातो.

### स्वरनियमन

घरी एकट्याने वाजवताना सुरेल वाटणारी मांडणी, म्हणजे भरपूर खर्ज, भरपूर उंच स्वर आणि मधला पट्टा कमी, वाद्यवृंदात हमखास हरवते. झांजा उंच पट्टा व्यापतात आणि ढोलाचा पायाने वाजणारा भाग खर्ज व्यापतो. अशा वेळी आवाज वाढवण्यापेक्षा २०० ते ८०० हर्ट्झ हा मधला पट्टा थोडा उचलणे उपयोगी ठरते. ४० ते ५० हर्ट्झचा भाग वाढवल्याने ॲम्प्लिफायरची शक्ती आणि शंकूची हालचाल झपाट्याने खर्ची पडते, पण ऐकू येणारा फरक थोडाच असतो.

### ध्वनिव्यवस्थेशी जोडणी

मोठ्या कार्यक्रमांत बासचा संकेत डीआय बॉक्समधून थेट मिक्सरकडे जातो. अनेक हेडमध्ये ही सोय आतच असते. संकेत इक्वलायझरच्या आधी घ्यायचा की नंतर, हे निवडण्याचे बटण त्यात असते. आधी घेतल्यास वादकाने मंचावर केलेल्या बदलांचा सभागृहातील आवाजावर परिणाम होत नाही. भूजोडणीच्या दोषामुळे गुणगुण येत असल्यास डीआयवरील 'ग्राउंड लिफ्ट' बटण वापरतात. विजेच्या प्लगमधील अर्थिंगची पिन काढून टाकणे हा उपाय जीवघेणा ठरू शकतो. प्रसंगी कॅबिनेटसमोर मायक्रोफोन लावून डीआयच्या संकेतात तो मिसळतात. कानात घालण्याचे मॉनिटर वापरणारे काही वादक मंचावर कॅबिनेट ठेवतच नाहीत.

## बिघाड आणि त्यांची लक्षणे

- फडफड किंवा ठोका ऐकू येणे: शंकूने हालचालीची मर्यादा ओलांडल्याचे लक्षण. आवाज किंवा खर्ज तत्काळ कमी करणे आवश्यक असते.
- खरखर घासल्यासारखा आवाज: तापलेले किंवा वाकडे झालेले वेटोळे चुंबकाच्या फटीत घासत असल्याची शक्यता.
- खर्ज अचानक नाहीसा होणे: दोन कॅबिनेटांपैकी एकाच्या तारांची अदलाबदल झाल्यास त्यांचे शंकू परस्परविरुद्ध दिशेने हलतात आणि खर्ज एकमेकांना रद्द करतो.
- ठरावीक स्वराला खुळखुळ: सैल स्क्रू, जाळी किंवा मूठ. बंद पेटीत हवेची गळतीही कारण असू शकते.
- ट्विटर बंद पडणे: ॲम्प्लिफायर सतत क्षमतेपलीकडे वापरल्याने उंच स्वरांतील विकृत ऊर्जा वाढते व ट्विटर जळतो.

## श्रवणाची सुरक्षितता आणि कायदा

अमेरिकेतील निऑश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल पातळीच्या आवाजात दिवसाला ८ तासांपर्यंत राहता येते आणि पातळी ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित कालावधी निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला हा कालावधी १५ मिनिटांवर येतो. रॉक वाद्यवृंदाच्या मंचावर ही पातळी सहज ओलांडली जाते. आवाजामुळे नष्ट झालेल्या अंतर्कर्णातील केशपेशी पुन्हा उत्पन्न होत नाहीत. द हू या वाद्यवृंदातील पीट टाउनशेंड आणि बासवादक जॉन एंटविसल या दोघांनाही श्रवणदोषाला तोंड द्यावे लागले. सर्व वारंवारता समान प्रमाणात कमी करणारे संगीतकारांचे कर्णरोधक वापरल्यास स्वराचा पोत न बिघडता संरक्षण मिळते.

भारतात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू आहेत. त्यांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० व ४० डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बंदिस्त सभागृहांचा अपवाद वगळता ध्वनिक्षेपक वापरता येत नाहीत. राज्य शासनाला सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. खर्जाच्या लांब लहरी भिंतींतून सहज पार होत असल्याने शेजाऱ्यांच्या तक्रारी प्रामुख्याने बासच्या आवाजाविषयी असतात.

## महाराष्ट्र आणि गोवा

मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांचा मोठा वाटा आहे. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील बासवादक टोनी वाझ हे त्यांपैकी एक होत. गोव्याच्या तियात्र या नाट्यप्रकारातही प्रत्यक्ष वाजणाऱ्या वृंदात बास गिटार असते. महाराष्ट्रात मिरवणुकांमध्ये वाजणाऱ्या व बोलीत 'डॉल्बी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ध्वनिभिंती मात्र बास कॅबिनेटहून वेगळ्या असतात. त्या ध्वनिमुद्रित संगीत मोठ्या जमावाला ऐकवण्यासाठी रचलेले सबवूफर व स्पीकर असतात. बास कॅबिनेट एकाच वाद्याच्या आवाजासाठी बनवलेले असते आणि त्याचा स्वतःचा पोत हा त्या वाद्याच्या आवाजाचाच भाग मानला जातो.

## हे सुद्धा पहा

- बास गिटार
- डबल बास
- ॲम्प्लिफायर
- ध्वनिक्षेपक
- ध्वनिप्रदूषण